भंडारा जिल्ह्यातील छोटी लाइन : इतिहास आणि पुढचा विचार



आपल्या भागातील रेल्वे स्थानकांची नावे एकदा लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. भंडारा रोड, तुमसर रोड, पवनी रोड. शहरांची नावे आहेतच, पण प्रत्येकामागे 'रोड' हे शेपूट जोडलेले आहे. रेल्वेच्या भाषेत या शब्दाचा अर्थ इतकाच की, गाव येथे नाही. गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो. भंडाऱ्याला जायचे असेल तर वरठीला उतरावे आणि पुढचे सुमारे दहा किलोमीटर आपापल्या सोयीने जावे. तुमसरला जायचे असेल तर देव्हाडीला उतरावे. पवनी रोडला उतरणाऱ्याला पवनीची वेस दिसण्यापूर्वी आणखी काही कोस कापावे लागत. रेल्वे आपल्याकडे आली, पण आपल्या दारापर्यंत आली नाही. दारावरून गेली म्हणावे, तर तेही खरे नाही, शेतावरून गेली.

असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपल्या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास हाती लागतो. आणि आज जी लाइन बंद झाली आहे, जिचे रूळ उखडून तिच्या जागी दुसरी लाइन घालण्याचे काम निघाले, तिच्याबद्दल आपण नागरिकांनी काय म्हणावे, याचेही उत्तर त्याच इतिहासात सापडते. म्हणून आजचा विषय 'छोटी लाइन'. मात्र तिच्याकडे येण्यापूर्वी तिच्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगणे भाग आहे.

मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि तेथेच थांबली. नागपूरच्या पूर्वेला वैनगंगेचे खोरे आणि त्याच्याही पलीकडे छत्तीसगड. छत्तीसगड म्हणजे धान्याचे कोठार. तेथले धान्य नागपूरला येई ते बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून, भंडारा, लाखनी, साकोली या वाटेने. ज्याला पुढे ग्रेट ईस्टर्न रोड असे नाव पडले आणि आज जो राष्ट्रीय महामार्ग आहे, तोच हा रस्ता. लमाणांचे तांडे या रस्त्याने ये-जा करीत. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की ही वाहतूक बंद पडे. एका प्रांतात धान्य सडत असे आणि दुसऱ्यात माणसे उपाशी असत.

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने देश हादरला. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला, आणि दुष्काळावर उपाय म्हणून रेल्वे वाढवावी, या विचाराला त्याने बळ दिले. याच सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे लाइन टाकण्याचे काम सरकारने हाती घेतले. 'नागपूर-छत्तीसगड रेल्वे' हे तिचे नाव. १८८० ते १८८२ या काळात ती टप्प्याटप्प्याने राजनांदगावपर्यंत गेली. वाटेत वैनगंगा ओलांडावी लागली, आणि पुढे दरेकशाच्या डोंगरात बोगदा खोदावा लागला. ही लाइन आजच्यासारखी रुंद नव्हती. ती मीटर गेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर ठेवणारी होती. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, सरकारी लाइनी स्वस्तात व्हाव्यात म्हणून हे माप पत्करण्यात आले होते.

आता गंमत पाहा. मोठ्या खटाटोपाने घातलेली ही लाइन दहा वर्षेही टिकली नाही. नागपूरला मुंबईकडून येणारी गाडी रुंद मापाची आणि इकडे निघणारी मीटर मापाची, म्हणून नागपुरात प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. कलकत्त्यापर्यंत थेट लाइन न्यायची तर हे चालण्यासारखे नव्हते. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन घेतली आणि १८८८ मध्ये ती रुंद केली. १८९१ मध्ये ती आसनसोलला जाऊन मिळाली आणि १९०० मध्ये हावड्याशी थेट संबंध जुळला. याचा अर्थ असा की, भंडारा जिल्ह्यात मोडीत निघालेली पहिली लाइन हीच होय. रूळ गेले, पण वाट राहिली. आज हावडा-मुंबई गाड्या वरठीवरून धडधडत जातात, त्या याच वाटेने. बंद पडलेल्या लाइनचा पुन्हा उपयोग करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपल्या रेल्वेचा आरंभच मुळी तेथून आहे.

दुष्काळासाठी म्हणून आलेल्या या रेल्वेने दुष्काळ हटला काय? याचे उत्तर लवकरच मिळाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. रेल्वेने धान्य आणता येते, तसेच नेताही येते. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याकडे धान्य धावते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारच्या रेल्वे-धोरणाची चिकित्सा फार आधी केली होती. पुढे रमेशचंद्र दत्त यांनी हाच मुद्दा जोराने मांडला की, सरकार रेल्वेवर जितका पैसा ओतते, तितका पाटबंधाऱ्यांवर ओतत नाही. भंडारा जिल्ह्यातील माणसाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या मातीची पाळ घालून, पाण्याची उतार-चढण डोळ्यांनी मोजून जे तलाव बांधले, त्यांनी धान पिकवले आणि माणसे जगवली. तलाव गावात पाणी ठेवतो. रेल्वे गावातून माल नेते. दोन्ही हवेत, हे खरे. परंतु कोणते काम कशासाठी केले, हे विसरून चालत नाही.

येथवर मोठ्या लाइनची कथा झाली. आता छोटी लाइन.

या दोन दुष्काळांच्या सुमारास बंगाल-नागपूर कंपनीने सातपुड्याच्या प्रदेशात अडीच फूट रुंदीची, म्हणजे ७६२ मिलिमीटर मापाची लाइन घालण्याचे ठरवले. तुलनेसाठी सांगतो, मोठ्या लाइनचे माप १६७६ मिलिमीटर असते. म्हणजे छोटी लाइन तिच्या निम्म्याहूनही कमी. असे माप निवडण्याची कारणे व्यवहारी होती. रूळ हलके, पूल हलके, भराव अरुंद, इंजिन लहान. डोंगरात वळणे आखूड घेता येतात, त्यामुळे बोगदे आणि खोल खोदकाम वाचते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना बार्शी लाइट रेल्वे ठाऊक असेल; एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ मध्ये ती याच अडीच फुटी मापावर सुरू करून दाखवली होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याचे सूत्र होते.

गोंदियाहून उत्तरेकडे बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरपर्यंतची लाइन १९०३ ते १९०५ या काळात खुली झाली. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ रोजी. गोंदियाहून दक्षिणेकडे सौंदड, अर्जुनी, वडसा या मार्गाने नागभीडला आणि नागभीडहून नागपूरला, अशा दोन लाइनी १९०८ मध्ये तयार झाल्या. १९१३ मध्ये नागभीडहून चांद्यापर्यंत आणखी एक फाटा गेला. सगळ्या शाखा मिळून सातपुड्यातील या छोट्या लाइनींचे जाळे हजार किलोमीटरच्या आसपास पसरले. नागपूर-नागभीड ही त्यातली १०६ किलोमीटरची एक शाखा. इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड करीत ती नागभीडला पोहोचे.

या लाइनीने काय वाहिले? जंगलातील सागवान आणि बांबू वाहिला. तेंदूची पाने वाहिली. ज्या बिडीने गोंदिया आणि भंडाऱ्यातील हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, तिच्या धंद्याला पाने पुरवणारा हाच प्रदेश. धान आणि तांदूळ वाहिला, भिवापूर-कुहीकडची मिरची वाहिली. कंपनीने हिशेब मांडला तो या मालाचा. प्रवासी हा त्या हिशेबातला दुय्यम भाग. स्थानके गावापासून दूर का, याचे उत्तर येथे आहे. लाइन आखणारा माणूस नकाशावर दोन टोके जोडीत होता. मधले गाव वाटेत आले तर ठीक, न आले तर 'रोड' होते.

याच न्यायाने तुमसरहून तिरोडीकडे गेलेल्या शाखेकडे पाहावे. ती छोटी नव्हे, मोठ्या मापाची. कारण तिच्या टोकाला मँगनीज होते. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या आपल्या तुमसर तालुक्यातील खाणी. तिरोडी त्यांच्या शेजारची, आज मध्यप्रदेशात मोडणारी. पोलाद बनवायला मँगनीज लागते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जगाच्या बाजारात मध्यप्रांताच्या मँगनीजला मोठी मागणी होती. ते बंदरावर नेण्यासाठी कंपनीने किती दूरचा विचार केला, पाहा. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम लाइन पुरी झाली आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणम् बंदर खुले झाले. या दोन्ही कामांमागच्या हिशेबात मँगनीजचे वजन मोठे होते. १९६२ मध्ये या खाणी सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आल्या, तीच आजची मॉइल. डोंगरी बुजुर्गचे खनिज बॅटरीच्या सेलसाठीही नावाजलेले आहे. तिरोडीची शाखा बंद पडली नाही. उलट अलीकडे ती कटंगीपर्यंत वाढून बालाघाटच्या लाइनीला मिळाली. जमिनीखाली माल असेल तर लाइन जगते. जमिनीवर नुसती माणसे असतील तर तिला सिद्ध करून दाखवावे लागते की आपण जगण्याच्या लायकीच्या आहोत.

आणि तरीही, मंडळी, माणसांनी छोटी लाइन आपलीशी केली, हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कंपनीने ती मालासाठी घातली, लोकांनी ती संसारासाठी वापरली. तिकीट स्वस्त. गाडी सावकाश, शंभर किलोमीटरला चार-पाच तास घेणारी. या सावकाशपणाची थट्टा होई, पण त्याच सावकाशपणामुळे ती लहान लहान गावांपाशी थांबू शकत होती. आठवडी बाजाराला भाजीची टोपली घेऊन निघणारी बाई, नागपूरच्या कॉलेजात शिकणारा मुलगा, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आजारी माणसाला नेणारे कुटुंब, लग्नाचे वऱ्हाड, या सर्वांना ज्या भाड्यात ती नेत असे, त्या भाड्यात दुसरे कोणतेही वाहन नेत नव्हते. ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ थोडा अधिक, त्याची ती गाडी होती.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली. बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्येच सरकारने ताब्यात घेतली होती. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि २००३ मध्ये बिलासपूरच्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत गेली. पण मालकीपेक्षा मोठा बदल रस्त्यावर झाला. एस.टी. गावात पोहोचली, ट्रक थेट शेताच्या बांधापर्यंत आला. छोट्या लाइनीचा माल आधी गेला. नागपुरात किंवा गोंदियात एका मापातून दुसऱ्या मापात माल बदलण्याची अडचण, जी १८८० च्या दशकात होती, तीच शंभर वर्षांनी पुन्हा उभी राहिली. मालाचे उत्पन्न गेले की लाइन तोट्यात दिसू लागते. मग दुरुस्ती कमी होते, दुरुस्ती कमी झाली की वेग कमी होतो, वेग कमी झाला की प्रवासी कमी होतात, आणि शेवटी कोणी तरी कागदावर लिहितो की, या लाइनीला प्रवासी नाहीत.

१९९२ मध्ये सर्व देशभर एकच माप ठेवण्याचे धोरण रेल्वेने स्वीकारले. गोंदिया-नागभीड-चांदा ही लाइन १९९० च्या दशकात रुंद झाली. जबलपूरकडील छोटी लाइन २०१५ मध्ये थांबली आणि २०२० पर्यंत गोंदिया-जबलपूर सगळी मोठी झाली. छिंदवाड्याची छोटी गाडीही २०१५ च्या अखेरीस गेली. राहिली होती ती नागपूर-नागभीड. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचीही शेवटची फेरी झाली आणि एकशे अकरा वर्षांचा हिशेब मिटला. त्यानंतर केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतील 'महारेल' या संस्थेकडे रुंदीकरणाचे काम आले.

रुंदीकरण म्हणजे नुसते दोन रूळ लांब सरकवणे नव्हे. छोट्या लाइनीचा भराव अरुंद, तो दोन्ही बाजूंनी वाढवावा लागतो. तिची वळणे आखूड. त्या वळणांवरून वेगाने जाणारी मोठी गाडी न्यायची तर वळणे सरळ करावी लागतात, आणि तेथे जुनी वाट सोडून नवी जमीन घ्यावी लागते. जुने पूल नवा भार पेलत नाहीत, ते नव्याने बांधावे लागतात. रस्ता जेथे रूळ ओलांडतो, तेथे फाटकाऐवजी खालून किंवा वरून वाट काढावी लागते. म्हणजे एकाच नावाची लाइन, पण काही ठिकाणी जुनी वाट कामास येते आणि काही ठिकाणी तिचे तुकडे मागे उरतात. या उरलेल्या तुकड्यांचे काय, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जंगलाचा. २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, आणि ताडोब्याकडे जाणाऱ्या वाघांची वाट याच भागातून जाते. ताशी पंधरा-वीस मैलांनी जाणाऱ्या छोट्या गाडीला जनावर वाट देऊ शके. वेगाच्या मोठ्या गाडीला ते साधत नाही. म्हणून जंगलातील भाग उंचावरून न्यावा, किंवा जनावरांसाठी खालून पुरेशा रुंद वाटा ठेवाव्यात, असा आग्रह वन्यजीवांच्या अभ्यासकांनी धरला. हा आग्रह विकासाच्या आड येणारा आहे, असे समजणे चूक आहे. जुनी वाट पुन्हा वापरताना, ती वाट ज्या काळात पडली त्या काळाच्या मापाने चालत नाही, एवढेच तो सांगतो.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. लहान स्थानकांचे काय? मोठी लाइन आली की वेग येतो, लांबच्या गाड्या येतात, कोळसा आणि सिमेंट येते. नागपूरहून नागभीडमार्गे दक्षिणेकडे जाणारी एक नवी वाट खुली होते, हा देशाचा लाभ आहे आणि तो मी कमी लेखीत नाही. पण लांबची गाडी लहान गावाला थांबत नाही. जी बाई भाजीची टोपली घेऊन बसत होती, तिच्यासाठी दिवसातून दोन वेळा सगळीकडे थांबणारी साधी गाडी नसेल, तर तिच्या दृष्टीने लाइन सुधारली नाही, ती बंदच झाली.

इतर देशांनी अशा वेळी काय केले, तेही थोडक्यात पाहू. इंग्लंडमध्ये १९६३ साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालानंतर हजारो मैल शाखा-लाइनी बंद झाल्या. पुष्कळ ठिकाणी जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, तिच्यावर घरे झाली, गोदामे झाली. पुढे काही भागांत लोकसंख्या वाढली आणि रेल्वे पुन्हा हवीशी झाली, तेव्हा वाटच शिल्लक नव्हती. अमेरिकेने यातून वेगळा धडा घेतला. १९८३ च्या एका कायद्याने तेथे अशी सोय केली की, बंद पडलेल्या लाइनीची पट्टी अखंड ठेवावी, तोवर तिच्यावर पायी चालण्याची, सायकलची वाट करावी, आणि उद्या गरज पडली तर तीवर पुन्हा रूळ घालता यावेत. न्यूयॉर्कमध्ये तर उंचावरून जाणाऱ्या एका जुन्या माल-लाइनीवर २००९ पासून सार्वजनिक बाग फुलली आहे. रेल्वेची जमीन लांबट आणि अरुंद असते. तिची किंमत तिच्या अखंडपणात आहे. एकदा मधला एक तुकडा गेला की बाकीची नुसती पडीक पट्टी.

विदेशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्याच विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' आहे. कापसासाठी एका विलायती कंपनीने घातलेली ही छोटी लाइन पुढे बंद पडली, आणि तिच्या पुनरुज्जीवनासाठी त्या भागातील माणसे किती झगडली, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. आणि याहूनही जवळचा धडा आपल्या घरातच आहे, तो मालगुजारी तलावांचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर तलावांचा जुना धनी गेला आणि नवा धनी कागदावर आला. पाळीवर झुडपे वाढली, गाळ साचला, काही ठिकाणी तलावाच्या पोटात शेते घुसली. तलाव सर्वांचा झाला, म्हणून कोणाचाच राहिला नाही. बंद लाइनीच्या उरलेल्या जमिनीचे, चौकीच्या खोल्यांचे, विहिरींचे, झाडांचे तसेच होऊ द्यायचे काय?

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. छोट्या लाइनीची जमीन आकाशातून पडली नव्हती. १८९४ चा भूसंपादन कायदा तेव्हा लागू होता. 'सार्वजनिक कामासाठी' असे म्हणून सरकारला शेतकऱ्याची जमीन घेता येत होती. शेतकऱ्याच्या संमतीला त्यात फारशी किंमत नव्हती. मोबदल्यावर भांडता येई, नकार देता येत नसे. ज्या आजोबा-पणजोबांनी आपला बांध रेल्वेला दिला, त्यांनी तो सार्वजनिक कामाच्या नावाने दिला. ते काम बदलले तरी 'सार्वजनिक' हा शब्द बदलत नाही. त्या पट्टीच्या एकेका हातावर जनतेचा नैतिक हक्क आहे, आणि तो हक्क मागून घेतल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो.

आपल्या जिल्ह्यात प्रत्येक लाइन काही तरी घेऊन जाण्यासाठी आली : धान्य, लाकूड, पान, खनिज. लोकांनी ती मागाहून आपली केली. आता जी लाइन पुन्हा घडत आहे, तिच्या बाबतीत तरी लोकांनी मागाहून नव्हे, आधी बोलावे. काय बोलावे? पहिले, नव्या लाइनीवर लहान स्थानके राहावीत आणि त्यांच्यावर थांबणारी स्वस्त गाडी असावी. दुसरे, 'रोड' या शब्दाचा दोष दूर व्हावा; गाडीच्या वेळेला जोडून स्थानकापासून गावापर्यंत बस असावी. पवनीसारखे गाव, जेथे सातवाहन काळाच्याही मागे जाणारे स्तूपाचे अवशेष १९६९-७० च्या उत्खननात सापडले, जेथे वैनगंगेवर गोसीखुर्दचे विशाल धरण उभे आहे, ते रेल्वेपासून बसच्या एका फेरीइतके जवळ असणे अवघड नाही. तिसरे, वळण सोडल्यामुळे उरलेल्या जुन्या पट्ट्या तोडून वाटू नयेत. त्या अखंड ठेवून तेथे गावाची पायवाट, सायकलवाट, दुतर्फा झाडे असे काही करावे. चौथे, वरठीहून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीकडे टाकलेल्या लाइनीसारख्या खास कामाच्या लाइनींचाही शहराला काही उपयोग करून घेता येईल काय, हे भंडारेकरांनी संबंधितांना विचारावे. विचारल्याने काही जात नाही. न विचारल्याने मात्र वाट जाते.

शेवटी एक काम आपल्या हातातले, ज्याला सरकारी मंजुरी लागत नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे. तेथे इंजिने आणि डबे जपले आहेत. पण इंजिन म्हणजे लाइन नव्हे. लाइन म्हणजे रूळ ठोकणारा गँगमन, कंदील घेऊन पहाटे फाटकावर उभा राहणारा माणूस, सांधे बदलणारा पॉइंट्समन, आणि त्या गाडीने रोज ये-जा करणारे लोक. त्यांच्यापैकी पुष्कळ आज वृद्ध झाले आहेत. जुनी पुठ्ठ्याची तिकिटे, पास, वेळापत्रके, लग्नाच्या वऱ्हाडाचे स्थानकावर काढलेले फोटो आपापल्या घरांतून गोळा करून एखाद्या सार्वजनिक वाचनालयात एका कपाटात ठेवावीत, आणि या वृद्धांच्या आठवणी कोणी तरी तरुणाने बसून लिहून घ्याव्यात. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सहज होण्यासारखे आहे. लाइन कोणासाठी असावी, असा वाद उद्या उभा राहिला, तर ती कोणी कोणी आणि कशासाठी वापरली, याचा पुरावा त्या कपाटात असेल. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत तो नाही.